ऑपरेशन मुंबईत होतं, पण सव्वा महिना गावातच काढावा लागतो

बीड : सप्टेंबर २०१७ मध्ये माजलगाव पोलीस ठाण्यातले कॉन्स्टेबल ललित साळवे, तेव्हा कागदोपत्री ललिता, यांनी वरिष्ठांकडे अर्ज दिला. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी एक महिन्याची सुट्टी द्या, एवढीच मागणी. भरती महिला म्हणून झालेली, म्हणून खात्याने नाही म्हटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून ‘मॅट’कडे जायला सांगितलं गेलं. शेवटी गृह विभागाने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये साळवे यांचं लग्न झालं, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा झाला. राजेगावचं नाव देशभर गेलं.

कोर्ट, परवानगी, लग्न, सगळ्याच्या बातम्या आल्या. पण जो एक महिना मागितला होता त्या महिन्यात माणसाचं नेमकं काय होतं, त्याला कोण सांभाळतं, यावर फारसं कुणी लिहिलं नाही.

साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं, त्यामुळे त्यांचं प्रकरण इतर अनेक तृतीयपंथी व्यक्तींपेक्षा वेगळं आहे. मात्र टाके कुणाचेही असोत, भरायला लागायचे तेवढे दिवस लागतातच.

छातीचं वेगळं, पोटाचं वेगळं

‘लिंगबदल ऑपरेशन’ हे एकच ऑपरेशन नाही. स्त्रीचं शरीर घेऊन जन्मलेल्या पण पुरुष असलेल्या माणसाची अनेकदा छातीची शस्त्रक्रिया होते. त्यात बाजूला ड्रेनच्या नळ्या असतात, त्या साधारण आठवडाभरात निघतात. नंतर छातीला घट्ट पट्टा लागतो. चार ते सहा आठवडे घागर उचलायची नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही. काहींची गर्भपिशवी काढतात, त्यालाही सहा आठवड्यांची विश्रांती सांगतात. लघवीचा मार्ग नव्याने तयार करण्याची शस्त्रक्रिया सगळ्यात किचकट. ती टप्प्याटप्प्याने होते, नळी काही आठवडे राहते, आणि लघवी भलतीकडून झिरपणं किंवा मार्ग आवळणं हे त्रास बऱ्याच जणांना होतात.

पुरुषाचं शरीर घेऊन जन्मलेल्या स्त्रीची योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली की पहिले पाच-सात दिवस आत पट्टी असते. त्यानंतर डायलेटर नावाचं साधन दिवसातून अनेक वेळा वापरावं लागतं, तेही कित्येक महिने. नाहीतर मार्ग आवळत जातो. आता दोन खोल्यांच्या घरात, जिथे आतल्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे, तिथे हे कसं करायचं? डिस्चार्ज कार्डावर याचं उत्तर नसतं.

उकिडवं बसणंही सुरुवातीला जमत नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये कमोडची खुर्ची मिळते, ती आधीच आणून ठेवली तर पहिल्या दिवसाची फजिती टळते. तंबाखू, बिडी आणि मिश्री ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून बंद करायला डॉक्टर सांगतात, कारण तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. मिश्रीला आपल्याकडे कुणी तंबाखू समजतच नाही, त्यामुळे पेशंट “व्यसन नाही” असं सरळ सांगून मोकळा होतो.

ताप चढला, जखमेतून पू किंवा वास यायला लागला, लघवी अडली, रक्त थांबत नाही, पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही. माजलगावहून मुंबई चारशे किलोमीटरहून जास्त. पहिली धाव जवळच्या सरकारी दवाखान्यातच घ्यावी लागते, आणि तिथल्या डॉक्टरांनी असं ऑपरेशन कदाचित कधी पाहिलेलं नसतं. म्हणून काय केलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि सर्जनचा फोन नंबर, हे एका कागदावर लिहून घेतल्याशिवाय मुंबई सोडू नये.

बाळंतिणीला कळतं ते इथे का कळू नये?

गावाला विश्रांती कळत नाही असं नाही. बाळंतीण घरात असली की सव्वा महिना तिला पाण्यात हात घालू देत नाहीत. डिंकाचे लाडू, शेक, वेगळी खोली, आणि दारातून कोण आत येणार यावर सासूची नाहीतर आईची नजर.

गंमत म्हणजे हिजडा समाजातही हीच रीत आहे. ‘निर्वाण’ झालेल्या चेल्याला चाळीस दिवस काम लावत नाहीत, बाहेर पाठवत नाहीत, खाणंपिणं गुरूच्या घरी आणि पथ्य जवळपास बाळंतिणीचंच, कारण तो नवा जन्म मानतात. दाईमाच्या हातून चोरून होणारं ते काम जिवावरचं होतं, त्यात माणसं गेलीही. त्याचं समर्थन कुणी करू नये. पण नंतरचे चाळीस दिवस त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हे त्या समाजाने पक्कं ठरवलेलं होतं. आज ऑपरेशन चांगल्या थिएटरमध्ये होतं, भूल देणारा डॉक्टर असतो, आणि पाचव्या-सातव्या दिवशी पेशंट पिशवी घेऊन एसटी स्टँडवर एकटाच उभा असतो. सुधारणा झाली ती अर्धीच.

सज्ञान माणसाच्या ऑपरेशनला संमती त्याची स्वतःचीच लागते. तरी सोबत कोण आहे, हे दवाखान्यात विचारतातच. घरच्यांनी तोंड फिरवलं असेल तर गुरू येतो, किंवा स्वतः यातून गेलेला एखादा मित्र. अशा मित्राचा उपयोग नातेवाइकापेक्षा कांकणभर जास्तच. तिसऱ्या दिवशी सूज वाढते की कमी होते, नळी कशी धुवायची, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे त्याने भोगलेलं असतं. मात्र एकट्याने रात्रंदिवस बसला तर तोही आठवड्यात आडवा होतो. दोघा-तिघांनी पाळ्या लावलेल्या बऱ्या.

‘पस्तावला वाटतं’

घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पेशंट रडतो, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. भुलीचा, दुखण्याचा आणि दुसऱ्याच्या हातून पाणी पिण्याचा हा परिणाम असतो. काहींचे हार्मोन ऑपरेशनसाठी थांबवलेले असतात, त्याचाही. घरचे मात्र लगेच म्हणतात, “बघ, पस्तावला.” २०२१ मध्ये २७ अभ्यास आणि जवळपास ८ हजार पेशंट एकत्र मोजून एक आढावा छापून आला. त्यात पस्तावा वाटणारे सुमारे १ टक्का निघाले. काही अभ्यासांनी पेशंटकडे पुरेशी वर्षं लक्ष ठेवलं नाही, अशी टीका त्यावर झाली, तरी घरचे समजतात तेवढा हा आकडा मोठा नाही. त्या दिवसांत ‘तुला सांगितलं होतं’ हे वाक्य गिळून टाकलं तरी मोठी सेवा होते.

उदासी महिनोन्‌महिने टिकली, दुखणं थांबेना, तर मात्र ते मनावर सोडायचं नाही. केरळमधल्या रेडिओ जॉकी अनन्या कुमारी अलेक्स यांची शस्त्रक्रिया २०२० मध्ये झाली. वर्षभरानंतरही नीट उभं राहता येत नाही, असं त्या जाहीरपणे सांगत होत्या. जुलै २०२१ मध्ये कोचीत त्यांनी जीवन संपवलं, तेव्हा कुठे सरकारने चौकशीचे आदेश दिले.

भेटायला येणाऱ्यांचंही एक आहे. बाळंतिणीला कुणी टाके दाखव म्हणत नाही. इथे मात्र पहिला प्रश्न तोच असतो, आणि दुसऱ्या मिनिटाला फोटो व्हॉट्सअॅपवर. दाराशी उभं राहून अशांना चहा पाजून परत पाठवणारा एक खमका माणूस घरात असेल तर निम्मं काम झालं.

कार्ड आहे, पुढे काय?

तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात, कलम १५ मध्ये, शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि ऑपरेशनच्या आधी व नंतर समुपदेशन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ जाहीर केलं : वर्षाला ५ लाखांपर्यंत खर्च, त्यात ही ऑपरेशनं धरलेली. चांगलं आहे. पण सोबतच्या माणसाचं भाडं, मुंबईतली खोली, फेरतपासणीच्या चकरा आणि बुडालेली मजुरी यात येत नाही. केरळने ऑपरेशनच्या मदतीबरोबर नंतर वर्षभर महिना ३ हजार रुपये द्यायची तरतूद केली. रक्कम थोडी आहे, पण ऑपरेशनंतरही खर्च असतो हे सरकारी कागदावर आलं.

साळवे यांच्याकडे निदान नोकरी होती आणि सुट्टी मागायला साहेब होता. ऊसतोडीला जाणाऱ्याने कुणाकडे मागायची? विश्रांतीशिवाय ऑपरेशन म्हणजे काय, हे बीडला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. टाके भरायच्या आत फडात गेल्याचं सांगणाऱ्या बाया या जिल्ह्यात शोधाव्या लागत नाहीत.

कोयता जोडीचा असतो. एक पडला की दुसऱ्याचीही मजुरी बंद आणि उचल अंगावर. म्हणून अशा घरातल्या कुणाला ऑपरेशन करायचं झालं तर हंगाम संपल्यावरची तारीख घ्यावी लागते, म्हणजे एप्रिल-मे. ४० अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, छातीला घट्ट पट्टा बांधून सहा आठवडे. मधे मुंबईच्या दोन फेऱ्या. आणि दसरा आला की मुकादम दारात.