परत बोलावता येईल असे काम

ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही 700 या मॉडेलच्या 1,08,306 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. 8 जून 2021 ते 28 जून 2023 या काळात बनलेल्या या गाड्यांमध्ये इंजिनच्या कप्प्यातला वायरिंग लूम घासून कापला जाण्याचा धोका होता. गाडी चाकणच्या कारखान्यातली, नव्या पिढीची, इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली. दोष मात्र आपल्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात त्या जातीचा. पत्र्याच्या धारेजवळून वायर नेऊ नको, क्लिप सुटी ठेवू नको, भोकातून लूम काढताना ग्रॉमेट बसव.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरायला एक लाखावर गाड्या बोलवाव्या लागल्या, ते आपल्या गॅरेजांत रोज किती सहज घडते, हा प्रश्न आम्हाला या बातमीपासून सतावतो आहे. इंजिन उतरवून परत चढवताना लूमच्या दोन क्लिपा तुटतात. नव्या मिळत नाहीत म्हणून प्लॅस्टिकचा टाय मारला जातो, कधी तोही नाही. गाडी सुरू होते, दिवे लागतात, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. मग इंजिनच्या थरथरीने वायरचे आवरण रोज थोडे थोडे झिजत राहते आणि तांबे ब्रॅकेटला टेकायला कधी सहा महिने लागतात, कधी दोन पावसाळे.

त्या वायरला फ्यूज असेल तर तो उडतो आणि गाडी वाचते. स्टार्टर किंवा अल्टरनेटरकडे जाणारी जाड वायर अनेक जुन्या गाड्यांत फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर असते. ती बॉडीला टेकली, तर बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा वायर वितळून तुटेपर्यंत प्रवाह थांबवणारे मध्ये काहीच नसते.

याहून फसवा असतो तो सैल जॉइंट. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेला जॉइंट काळा पडत जातो आणि त्याचा रोध वाढतो. समजा तो अर्ध्या ओहमवर गेला आणि त्यातून 10 अँपिअर वाहत आहेत. त्या एका जागी 50 वॉट उष्णता तयार होते. आपल्या टेबलावरची 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न शिसे वितळवते. इथे तिच्या दुप्पट उष्णता टेपच्या आत कोंडलेली असते. फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच आहे. म्हणून ‘फ्यूज आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. लोड चालू ठेवून जॉइंटच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला, तर व्होल्टेज किती पडते ते मिनिटाभरात कळते. ही सवय फार थोड्या ठिकाणी दिसते.

मे 2023 मध्ये जयपूरच्या महामार्गावर याच मॉडेलची एक गाडी पेटल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. तिच्यात बाहेरून लाइटच्या स्कफ प्लेट आणि अँबियंट लाइट बसवताना मूळ वायरिंगमध्ये फेरफार झाला होता, असे कंपनीने तपासणीनंतर सांगितले. ती घटना आणि ऑगस्टमधली मोहीम यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण एक ठिणगी कारखान्याच्या मांडणीतून पडू शकते आणि दुसरी ॲक्सेसरीच्या दुकानातून, हे दोन्ही एकाच वर्षी आपल्यासमोर आले. कंपनी तिच्या वाटच्या गाड्या परत बोलावू शकली. दुकानदाराने त्या महिन्यात तसेच दिवे आणखी कोणाकोणाला बसवले, हे कोण सांगणार?

इथेच आम्हाला आपल्या धंद्याची मोठी उणीव दिसते. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी 2,36,966 मोटारसायकली बोलावल्या. दोषामुळे गाडी मिसफायर होण्याची आणि क्वचित शॉर्टसर्किट होण्याची शक्यता होती. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या ठरावीक बॅचमध्ये तो दोष असल्याचे कंपनी सांगू शकली, कारण कोणता भाग कोणत्या गाडीत गेला याची नोंद होती. आपल्याकडे एखादा रिले वितळलेला सापडला, तर त्याच पेटीतले उरलेले रिले कोणत्या गाड्यांत बसले हे आठवणीवर शोधावे लागते. आठवण आठवडाभर टिकते. रिले वर्षानुवर्षे गाडीत असतो.

म्हणून आमचा आग्रह एका वहीचा आहे. तारीख, गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, मालकाचा फोन, कुठली वायर कापली किंवा जोडली, कोणता भाग बसवला आणि पाकिटावर असेल तर त्याचा बॅच नंबर. सोबत मोबाइलवर जॉइंट झाकण्यापूर्वीचा एक फोटो. अशी वही ठेवली तर उद्या कुणी तिच्यावर बोट ठेवून आपल्यालाच जबाबदार धरेल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. भीती खरी आहे. पण गाडीत कुटुंब बसणार आहे, आणि आपल्या हातचे काम चुकीचे निघाले तर त्यांना फोन करण्याचा दुसरा मार्ग नाही.

नोंदीचा आणखी एक उपयोग कायद्याशी जोडलेला आहे. 2012 पासून भारतात वाहने परत बोलावण्याची पद्धत कंपन्यांनी स्वेच्छेने पाळायची होती. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 110अ हे कलम आले आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याखालचा 127सी हा नियम लागू झाला. आता तक्रारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्यास भाग पाडू शकते. नियमाची कक्षा सात वर्षांच्या आतल्या गाड्यांची. पण तक्रार मोजली जायची तर ती आधी नोंदली गेली पाहिजे. वॉरंटी संपली की गाडी आपल्याकडे येते, जळलेली वायर आपण बदलतो आणि पुरावा भंगारात जातो. त्याच मॉडेलची, त्याच जागी जळलेली वायर दुसऱ्या तालुक्यातल्या मिस्त्रीनेही बदललेली असते. कंपनीच्या आणि सरकारच्या हिशेबात यातले काहीच उतरत नाही.

एकाच मॉडेलमध्ये एकाच जागी दुसऱ्यांदा जळालेले दिसले, तर जुना तुकडा फेकू नका. चॅसिस नंबरासह फोटो काढा आणि मालकाला कंपनीकडे लेखी तक्रार करायला सांगा. आलेल्या गाडीसाठी एखादी मोहीम चालू आहे का, हेही कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून पाहा. असेल तर ते काम कंपनी मोफत करते, आपण हात लावू नये. आणि सात वर्षांवरची गाडी आली की बॉनेट उघडल्यावर पहिली पाच मिनिटे लूमला द्या, कारण तिला परत बोलावण्याची सक्ती कंपनीवर आता कोणी करणार नाही.