थायलॅकोलिओचे गोत्र आणि त्याचे दात

लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीतून आलेल्या एका मोडक्या कवटीवरून, एका लुप्त प्राण्याला 'थायलॅकोलिओ कार्निफेक्स' हे नाव दिले. अर्थ : पिशवीधारी सिंह, जल्लाद. ओवेन स्वतः ऑस्ट्रेलियाला कधीच गेले नाहीत.

हा प्राणी सिंहाचा कोणीच लागत नाही. त्याचे गोत्र कोआला आणि वॉम्बॅट या पालापाचोळा नि गवतावर जगणाऱ्या शिशुधान प्राण्यांचे. वाद पेटला तो येथेच. सिडनीच्या संग्रहालयाचे गेरार्ड क्रेफ्ट आणि लंडनचेच विल्यम फ्लॉवर यांनी १८६० च्या दशकात आक्षेप घेतला : दातांची ठेवण शाकाहारी आप्तांची, सुळे जेमतेम नावापुरते, मग हा जल्लाद कसला? ओवेन बोट ठेवत होते ते एका उपदाढेवर. लांबलचक, कातरीच्या पात्यासारखी, चर्वणाला अगदी निरुपयोगी.

आमच्या साहित्याच्या वर्गांत या वादाचा निकाल काय लागेल, हे सांगायला नको. एकीकडे साम्राज्याच्या राजधानीतील प्रतिष्ठित विद्वान. दुसरीकडे वेलिंग्टनच्या गुहांत उत्खनन करणारा, पुढे १८७४ मध्ये पदावरून हटवला गेलेला क्रेफ्ट. सहानुभूती कोणाकडे जाईल हे ठरलेलेच, आणि ती अस्थानीही नाही. पण आहाराच्या प्रश्नावर ओवेनच बरोबर निघाले. १९८२ मध्ये रॉडेरिक वेल्स आणि सहकाऱ्यांनी त्या उपदाढांवरील सूक्ष्म ओरखडे तपासले. खुणा मांस कापण्याच्या होत्या. सत्तेच्या जागेवरून बोललेले विधान तेवढ्यामुळे खोटे ठरत नाही, ही गोष्ट वसाहतोत्तर सिद्धांत शिकवताना आम्ही मंडळी फार लवकर विसरतो.

गोत्रावरून अर्थ लावण्याची खोड तर आपल्या समीक्षेच्या अंगवळणीच पडली आहे. कवीचे गाव, जात, गुरू, प्रवाह एवढे सांगून झाले की तास संपतो. कविता वाचायची राहते.

तरीही गोत्र निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. थायलॅकोलिओच्या पूर्वजांनी त्याला कामाचे सुळे दिलेच नाहीत. म्हणून सुळ्यांचे काम पटाशीच्या दातांनी उचलले. सिंह जे सुळ्यांनी करतो ते याने पुढच्या दातांनी केले. हत्यार इतके विचित्र का, याचे उत्तर वंशावळीत आहे. त्या हत्याराने काय केले, याचे उत्तर दातांवरच्या झिजेत. फ्लॉवर आणि क्रेफ्ट यांनी पहिल्या उत्तरावरून दुसरे काढले. ओवेन यांचा आहाराचा अंदाज खरा ठरला, 'सिंह' मात्र उपराच राहिला आणि नावात कायमचा बसला.

२००२ मध्ये नलारबॉर मैदानाखालच्या गुहांत या प्राण्याचा जवळजवळ अखंड सांगाडा सापडला. शेपटीचे संपूर्ण वर्णन प्रसिद्ध व्हायला तर २०१८ साल उजाडले. ती ताठ आणि बळकट होती. नामकरणानंतर १५९ वर्षांनी जल्लादाला शेपूट मिळाले.