रिब्स चालतात, डुकराचं मटण नाही?

मंडळी, पुण्यात शनिवारी हजार-हजार रुपये मोजून बार्बेक्यू रिब्स खाणारी आपलीच पब्लिक, गडचिरोलीकडे लोक डुकराचं मटण खातात म्हटलं की नाक मुरडते. अरे, मग त्या प्लेटमधल्या बरगड्या कोणाच्या होत्या? आक्षेप डुकराला नाहीच, खाणाऱ्याला आहे.

'पण जंत असतात ना!' असतात, कच्च्या राहिलेल्या मांसात. नीट शिजवलं की तो मुद्दा संपला. आणि रानडुक्कर बिलकुल नको, विनापरवाना शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाळलेलंच घ्या.

दुसरा राग त्या बाटलीतल्या गोड सॉसवर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा सडा पडतो. पण मोह म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते (गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी!). अहो, सुकवलेलं मोहफूल मनुक्यासारखं गोड लागतं, ते अन्न आहे.

तर एक किलो बरगड्यांना आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ चोळा. मूठभर सुकी मोहफुलं केसर काढून, भिजवून वाटा, त्यात थोडा चिंचेचा कोळ. स्लो कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून 'लो'वर सात-आठ तास. बरगडीतलं चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो, त्यामुळे घाई नको. कुकर नसेल तर जाड बुडाचं पातेलं, झाकण, मंद आच, अडीच तास.

सोबत भात घ्या. बन-बिन नको राव!