नकाशामामांची पोतडी : उलटा फिरवा नकाशा!

काय भाचे मंडळी, नकाशावही जवळ आहे ना? नसेल तर घेऊन या. आज आपल्याला एका घरातलं भांडण सोडवायचं आहे.

आचोळ्याच्या एका भाचीचं पत्र आलंय. ती लिहिते, "मामा, मेच्या सुट्टीत बाबांना आमच्याच गाडीने मनालीवरून लेहला जायचंय. त्यांना आठ दिवसांची रजा आहे. आई म्हणते, धाकटा सहा वर्षांचा, त्याला इतक्या उंचीवर त्रास होईल. रोज वाद चालू आहेत. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?"

आधी सोपं गणित करू. आचोळ्याहून अहमदाबाद महामार्गाला लागायचं, दिल्ली, मनाली करत लेह गाठायचं, तर अंतर होतं सुमारे २३०० किलोमीटर. रोज ५०० किलोमीटर गाडी हाकली तरी जायलाच जवळजवळ पाच दिवस. यायला तेवढेच. म्हणजे बाबांची रजा वाटेतच संपली!

आता अवघड गणित, उंचीचं. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. मनाली गावच मुळी २००० मीटरच्या वर. पुढे केलाँग सुमारे ३१००, बारालाचा खिंड ४८०० च्या वर, सरचू सुमारे ४३०० आणि तंगलंग खिंड तर ५३०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब आपल्या वसई-विरारच्या जवळजवळ निम्मा. बरोबर नेलेला वेफर्सचा पुडा फुग्यासारखा टम्म होतो. पुडा फुगला तर गंमत, पण माणसाचं काय? दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. शरीर सावकाश जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. घाई केली की डोकं दुखतं, मळमळतं, झोप येत नाही. दुखणं वाढलं तर जिवावरही बेततं.

म्हणून डोंगरातले जाणते एक नियम सांगतात. ३००० मीटरच्या वर गेलात की आज जिथे झोपलात, त्यापेक्षा उद्या फार तर ५०० मीटर उंच झोपा. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर चालेल, मोजायची ती मुक्कामाची उंची. आता बघा, केलाँगहून सरचूला मुक्काम म्हणजे एका रात्रीत १२०० मीटरची उडी! आईचं म्हणणं अगदी खरं.

मग काय, बाबांनी बेत सोडून द्यायचा? छे! नकाशा उलटा फिरवायचा. मनालीवरून जायच्या ऐवजी श्रीनगरवरून जायचं आणि मनालीवरून परतायचं. श्रीनगर सुमारे १६०० मीटर, कारगिल २७००, आल्ची ३१००, लेह ३५००. कशा छान पायऱ्या आहेत पाहा! झोजी खिंड आणि फोटू खिंड वाटेत आहेत, पण त्या दिवसा ओलांडायच्या. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसता आराम.

या फेरीत भूगोलाच्या पुस्तकातले तीन धडे डोळ्यांना दिसतात. झोजी खिंडीपलीकडे रस्त्यावरून माचोई हिमनदी दिसते. वर्षानुवर्षं साचलेला बर्फ दाबाखाली घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली सरकतो, ती हिमनदी. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांप्रमाणे माचोईसुद्धा आता आटते आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा ती आजच्याहून आखूड असेल.

परतताना लागतं मोरे मैदान, साडेचार हजार मीटरच्या वरचं, सुमारे ४० किलोमीटर लांब सपाट पठार. प्रेअरीसारखं उंच गवत इथे नाही, खुरटं आहे. पण त्यावर जंगली गाढवं, म्हणजे कियांग, चरतात. चांगपा मेंढपाळ याच भागात पश्मिना बकऱ्या घेऊन हिंडतात.

तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं. तरी सरचूला न थांबता थेट जिस्पा किंवा केलाँगला उतरावं. पल्ला लांबचा, तेव्हा पहाटे निघायचं. त्याला आणखी एक कारण आहे. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी रस्ता अडवून बसतो!

केलाँगच्या पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकमेकींना भेटतात. नाव काय होतं? चंद्रभागा! पंढरपूरच्या वारकऱ्यांना केवढं नवल वाटेल. हीच पुढे चिनाब होते. तिथून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून मनाली. हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड चढूनच जावं लागे.

जम्मूपर्यंत आणि चंदीगडहून घरी रेल्वेने, मधला प्रवास भाड्याच्या गाडीने, असं धरलं तरी या फेरीला दोन आठवडे हवेत. तेव्हा बाबा, यंदा आठ दिवसांत मनाली आणि बोगद्यापलीकडे केलाँगचे दोन मुक्काम करा. रजा साठवा आणि मोठी फेरी पुढच्या वर्षी. मेमध्ये खिंडी उघडल्यात का, रस्ते सुरू आहेत का, याची निघण्याआधी चौकशी करा. धाकट्याला डॉक्टरांना दाखवून घ्या.

आणि भाच्यांनो, तुमचंही एक काम आहे. डोकं दुखत असेल तर "सहल बुडेल" म्हणून लपवायचं नाही, लगेच सांगायचं. बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर कोणाचीही वाट न बघता खाली उतरायचं. डोंगर कुठे पळून जात नाही.

गृहपाठ : आलेख-कागदावर दोन्ही वाटांचे मुक्काम उंचीप्रमाणे मांडा आणि रेषेने जोडा. कुठली रेषा जिना आहे आणि कुठली भिंत, ते आई-बाबांना दाखवा. भांडण मिटेल!

तुमचा,
नकाशामामा