नाव की कुलूप?

संगीताला प्रकारांची नावे दिल्यावाचून रसिकाचे चालत नाही, असे म्हणणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे : ही नावे देतो कोण, कान की दुकान? अमेरिकेतील डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याचे थोर वादक पाहावेत. चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९) आणि रॉन कार्टर (जन्म १९३७) हे दोघेही आरंभी चेलो शिकले. दोघांचाही ओढा पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे. परंतु तेथील वाद्यवृंदांची दारे काळ्या वादकांस तेव्हा जवळजवळ बंदच होती. पुढे दोघेही गाजले ते ‘जाझवादक’ म्हणून. मिंगसला तर हा शब्दच खपत नसे. त्यात त्याला स्वरांचे वर्णन नव्हे, वर्णाची हद्द दिसे. चार्ली हेडन (१९३७–२०१४) हा गोरा वादक बालपणी घरच्या मंडळींसह रेडिओवर ग्रामीण अमेरिकेची गाणी गाई. १९५९ साली तो ऑर्नेट कोलमनच्या बंडखोर चौकडीत होता, आणि २००८ साली मुलाबाळांसह पुन्हा त्याच गाण्यांकडे वळला. त्याला दुकानाच्या कोणत्या फळीवर बसवावे? नावे खुशाल असोत. ओळखीपुरती ती उपयोगी आहेत. परंतु जे वादकाची वाट अडविते ते नाव नव्हे, कुलूप होय. आणि कुलपालाच शास्त्र मानणे ही रसिकता खास नव्हे.