विंच गाडीच्या वजनाला साजेशी हवी



थार, जिम्नी, गुरखा या गाड्या वाढल्या तसे पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेचे यंत्र, बसवून घेणारेही वाढले. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रंगणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धांनी हे यंत्र हौशी चालकांपर्यंत पोहोचवले, हे चांगलेच झाले. मात्र खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या कानावर एकच सल्ला पडतो: ‘घ्यायचीच तर बारा हजारांची घ्या.’ बारा हजार पौंड म्हणजे सुमारे ५,४४० किलोची ओढ. जिम्नीच्या मालकाला हा सल्ला देणे चुकीचे आहे, आणि तो सरसकट दिला जातो म्हणून हा पत्रप्रपंच.

क्षमता ठरवण्याचा सर्वमान्य हिशेब सोपा आहे. गाडीचे भरलेले वजन घ्यायचे आणि त्याची दीडपट करायची. जिम्नीचे कमाल भरलेले वजन १,५४५ किलो. दीडपट २,३१८ किलो, म्हणजे ५,१०० पौंडांच्या किंचित वर. तिला ६,००० पौंडांची विंच पुरते. लोखंडी बंपर, कॅरियर अशी भर घातली असेल तर ८,००० ची. थारचे रिकामे वजनच पावणेदोन टनांच्या घरात आहे. माणसे, सामान आणि वरची सजावट धरून ती सव्वादोन टनांना भिडली, तर गरज सुमारे ७,४५० पौंडांची निघते. तिथे ९,५०० ची विंच रास्त ठरते.

यावर ठरलेला आक्षेप असा की, चिखलात रुतलेली गाडी वजनाच्या हिशेबाने निघत नाही. आक्षेप खरा आहे. अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरी पुस्तिका सांगतात, की चिखल चाकांपर्यंत असेल तर प्रतिकार गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट आणि केबिनपर्यंत असेल तर तिप्पट धरावा. मडगार्डपर्यंत रुतलेल्या जिम्नीला ३,०९० किलोची ओढ हवी. सहा हजारी विंच सरळ ओढीत २,७२० किलोवर थांबते. मग मोठीच का घेऊ नये?

कारण डब्यावर छापलेला आकडा दोर गुंडाळण्याच्या ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, आणि नेमकी हीच गोष्ट विकताना सांगितली जात नाही. पावसाळ्यात कोकणातल्या तांबड्या चिखलात गाडी बसली आणि समोर सात-आठ मीटरवर ऐनाचे झाड आहे, असे समजा. दोर जेमतेम तेवढाच सुटतो, बाकीचा ड्रमवर थरावर थर चढून बसलेला राहतो. ड्रमचा घेर जेवढा फुगलेला तेवढी ओढ कमी. चौथ्या थरावर सुमारे एक तृतीयांश ताकद गेलेली असते. झाड जितके जवळ तितकी विंच दुबळी. बारा हजारीची तिथे आठ हजारी होते.

यावर खरा उपाय कप्पीचा, म्हणजे स्नॅच ब्लॉकचा आहे. झाडाला रुंद पट्टा, पट्ट्याला शॅकल (जोडकडी), शॅकलमध्ये कप्पी आणि तिच्यातून फिरवून दोराचे टोक परत गाडीच्या चासीवरच्या मजबूत हुकला. ओढ जवळपास दुप्पट होते. शिवाय दोर दुप्पट सुटल्याने ड्रमवरचे थर उतरतात आणि ताकद आणखी वाढते. वेग निम्मा होतो, पण अडकलेल्या गाडीला घाई कसली? काळजी एकच: पट्ट्यावर आणि झाडावर दोराच्या दुप्पट भार येतो, म्हणून ते दोन्ही त्या तोलाचे हवेत.

उलट बारा हजारी विंचची जादा ताकद छोट्या गाडीला वापरताच येत नाही. पूर्ण भाराला अशी विंच चारशे अँपिअरच्या आसपास वीज मागते. जिम्नीची मूळ बॅटरी आणि अल्टरनेटर एवढी मागणी फार वेळ पुरवू शकत नाहीत. पोलादी केबलसह चाळीस किलोंच्या आसपास वजन गाडीच्या नाकावर येते, ते वेगळेच. त्याहून गंभीर म्हणजे, बेताची विंच भार झेपेनासा झाला की थांबते आणि चालकाला फावडे हातात घ्यायला लावते. अतिमोठी विंच थांबत नाही; मग माउंटिंगचे बोल्ट किंवा कारखान्यातून आलेला टो हुक आधी जातो. तो हुक रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असतो, चिखलातून उपटण्यासाठी नव्हे. ताणलेल्या पोलादी केबलसह तुटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो. सिंथेटिक दोर हलका असतो आणि तुटल्यावर कमी उसळतो, पण ऊन आणि वाळू त्याला खातात, हे घेणाऱ्याला सांगायला हवे.

विक्रेत्यांनी प्रत्येक विंचसोबत थरागणिक ओढ आणि भारागणिक अँपिअर यांचा तक्ता मराठीत द्यावा. नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांत ही माहिती आधीच असते. संपादकांनी आपल्या अंकातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या सदरातही किमतीशेजारी हा तक्ता छापावा, ही विनंती. आणि वाचकहो, विंच घेण्याआधी सहलीच्या पूर्ण सामानासह गाडी जवळच्या भुईकाट्यावर नेऊन वजन करा. साखर कारखान्यांच्या गावात असा काटा सहज सापडतो. आलेल्या आकड्याची दीडपट करा, आणि उरलेल्या पैशांतून चांगली कप्पी, झाडाचा पट्टा आणि दोन शॅकल घ्या.

– एक वाचक, कोल्हापूर