आयटीआयचा ‘कोपा’: नावात प्रोग्रामिंग, पण हाती नेमकं काय लागतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि गावोगावच्या सेवा केंद्रांसमोर पुन्हा रांगा लागल्या. कुणाला ओटीपी येत नव्हता, कुठे साइट अडकत होती, कुणाच्या आधारला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता. या गोंधळात सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे होत्या: काउंटरच्या पलीकडे बसलेल्या, ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ मुलीकडे किंवा मुलाकडे.

त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचा एक सरळ रस्ता आयटीआयमधून जातो. ट्रेडचं पूर्ण नाव ‘कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट’. म्हणायला सगळे ‘कोपा’च म्हणतात. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की ऑप्शन फॉर्म भरताना घराघरात तोच प्रश्न निघतो. वेल्डिंग नको, फिटर नको, मग मुलीला कोपा घेऊ द्यायचा का?

वर्षभरात शिकवतात काय?

कोपा हा एक वर्षाचा ट्रेड आहे. पात्रता दहावी पास. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, त्याशिवाय खासगी वेगळ्या. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, ऑनलाइन फेऱ्यांमधून होतो. एका तुकडीत २४ जण असतात. सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानाने अगदीच किरकोळ आहे.

सुरुवात होते संगणकाचे भाग ओळखण्यापासून आणि ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्यापासून. मग वर्ड, एक्सेल, डेटाबेस, नेटवर्किंग येतं. पुढे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमधून वेबपेज बनवणं, सायबर सुरक्षा आणि थोडं प्रोग्रामिंग. जास्तीत जास्त तास प्रॅक्टिकलचे असतात. थिअरीची परीक्षा देशभर संगणकावर होते आणि पास झाल्यावर मिळतं ते ‘नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट’, म्हणजे एनटीसी.

यादी भरगच्च आहे. पण एका वर्षात एवढं सगळं म्हटल्यावर प्रत्येक विषयाची तोंडओळखच होणार. कोपा झालेला विद्यार्थी सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहायला बसेल ही अपेक्षा कोर्सच्या नावामुळे तयार होते, आणि त्यात पालकांची काही चूक नाही. नावच तसं आहे. प्रत्यक्षात नोकरी मिळते ती बहुतेक वेळा नावाच्या पहिल्या अर्ध्या भागाची, म्हणजे ऑपरेटरची.

मग एमएस-सीआयटी का नको?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. एमएस-सीआयटी २००१ मध्ये एमकेसीएलने सुरू केली. काही महिन्यांत संपणारा हा संगणक साक्षरतेचा कोर्स आहे आणि प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं असतं. सरकारी नोकरीत संगणक ज्ञानाची अट आली आणि ‘एमएस-सीआयटी केलं का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात ‘दहावी झालीस का?’ इतका सवयीचा झाला. अट इतकी कडक की मुदतीत परीक्षा पास न झालेल्या कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुलीची प्रकरणं कोर्टात गेली.

पण दोन्हींचं काम वेगळं आहे. एमएस-सीआयटी किंवा केंद्राचा सीसीसी ही पात्रतेची चिठ्ठी आहे. नोकरी दुसऱ्याच कशावर मिळते, हे फक्त सोबत जोडायचं. कोपा हा रीतसर ट्रेड आहे, त्यावर अप्रेंटिसशिप करता येते. म्हणूनच एक केल्याने दुसऱ्याची अट आपोआप पूर्ण झाली असं धरून चालू नये. भरतीच्या जाहिरातीत कोणत्या प्रमाणपत्राचं नाव छापलंय तेच ग्राह्य धरलं जातं. अर्ज बाद होतात ते अशाच समजुतीवर.

पैसे किती?

कोपानंतर पहिली पायरी साधारणपणे अप्रेंटिसशिपची. महावितरण, रेल्वे, संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या कोपाचे अप्रेंटिस घेतात. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्यानंतरच्या अनेक जाहिरातींत एक वर्षाच्या ट्रेडला ७,७०० आणि दोन वर्षांच्या ट्रेडला ८,०५० रुपये असे आकडे दिसतात. तालुक्याच्या गावातून शहरात खोली घेऊन राहायचं तर यातून किती उरेल, हे वेगळं सांगायला नको.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना महिन्याला ८,००० रुपये मिळतात. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत नंतर अकरा महिने झाली. ती संपल्यावर काय, यावरून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली.

कायम नोकरीचा प्रश्न किती चिवट आहे हे ग्रामपंचायतींमध्ये दिसतं. २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र प्रकल्प आला आणि गावागावात संगणक परिचालक बसले. पुढे त्याचं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. दाखले, नोंदी, योजनांचे अर्ज, सगळं याच हातांनी ऑनलाइन गेलं. पण हे परिचालक ग्रामपंचायतीचे कर्मचारी नाहीत. नेमणूक मधल्या कंपनीमार्फत आणि पगाराऐवजी मानधन. कर्मचाऱ्याचा दर्जा आणि किमान वेतन या मागण्या घेऊन ते कधी आझाद मैदानावर, कधी नागपूरच्या अधिवेशनावर वर्षानुवर्षं जात आले आहेत. डिजिटल महाराष्ट्राचा शेवटचा टप्पा सांभाळणारा माणूसच कागदोपत्री कुणाचा नाही, ही यातली खरी अडचण आहे.

एआयचं काय?

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात सर्वात वेगाने घटणाऱ्या कामांमध्ये डेटा एंट्री क्लार्कचा समावेश आहे. कागदावरचं बघून स्क्रीनवर टाइप करणं, एवढ्याच कामावर कोपा किंवा एमएस-सीआयटीवाल्याने भिस्त ठेवली तर पुढची वर्षं कठीण आहेत. मात्र ई-केवायसीच्या रांगेत जे काम चालतं ते निव्वळ टायपिंग नाही. कोणत्या बाईचं नाव आधारवर वेगळं आणि बँकेत वेगळं आहे, कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, हे ओळखून वाट काढायची असते. ते काम इतक्यात मशीनकडे जाईल असं दिसत नाही. जाणवते ती त्याला मिळणाऱ्या मोबदल्याची आणि दर्जाची कमतरता.

सरकारचा भर सध्या आयटीआय सुधारण्यावर आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये ती ‘पीएम-सेतू’ नावाने सुरू झाली. २०० मोठ्या संस्था केंद्रस्थानी आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था, अशी रचना आहे. लॅब नव्या होतील, पण कोपाच्या वर्गासाठी फरक पडेल तो एका वर्षात किती विषय कोंबायचे हे ठरवण्याने.

फॉर्म भरण्याआधी

एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. कोपा एक वर्षाचा असल्याने तो दरवाजा उघडत नाही. पुढे डिप्लोमा करायचाच असेल तर दोन वर्षांचा ट्रेड किंवा थेट पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष, हा हिशेब प्रवेशाआधीच मांडावा लागतो. बारावी झालेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी कोपा म्हणजे पदवी करता करता वर्षभरात हातात येणारं जोडीचं प्रमाणपत्र नव्हे. आयटीआयला रोज पूर्ण वेळ हजेरी लागते.

ज्यांना शिकवण्याची आवड आहे त्यांना कोपानंतर क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्येच निदेशक होण्याची वाट आहे. आणि खासगी संस्थेत प्रवेश घेत असाल तर तिथला कोपा ट्रेड एनसीव्हीटी संलग्न आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. ‘कॉम्प्युटर डिप्लोमा’ असं मोठ्या अक्षरात छापलेली कितीतरी प्रमाणपत्रं बाजारात मिळतात. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर मात्र एनटीसीच मागितलं जातं.